ओंक्याचं साउंड कार्ड

ओंक्याला साउंड कार्डची गरज नव्हती.
डॉक्टरची होती.
मी कार्ड बसवून दिलं.

आज वर्ष झालं त्याला जाऊन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओंकार म्हणजे आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधला, दुसऱ्या मजल्यावरचा. बालवाडीपासूनचा दोस्त. मी लोकांचे गेमिंग पीसी असेंबल करतो. त्याचाही मीच केलेला.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन.
"यार, गेममध्ये डावीकडून कोणी आलं तर पायांचा आवाजच येत नाही. रोज मारून जातात मला. साउंड कार्ड टाकू का?"

झालं, माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांना शंभरदा सांगून झालंय, आजकाल मदरबोर्डवरचाच साउंड झकास असतो, गेमिंगला वेगळं कार्ड म्हणजे नुसता शो.

"खेळता येत नाही ते बोल ना."
"येड्या, खरंच ऐकू येत नाही."

तो असं म्हणाला होता. सरळ मराठीत. मला.

मी काय केलं? हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. दोन्ही बाजू क्लिअर. साउंडचं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर म्हणतात ते, बदललं. दुसरा हेडफोन दिला. शेवटी त्याच्या हट्टापायी कार्ड बसवलं. तरी याचं आपलं तेच, "डावीकडे काहीच नाही रे."

म्हटलं, "कानातला मळ काढ."
हसला. मीही हसलो. लाज वाटते आता.

एक साधी टेस्ट असते. हेडफोन उलटा घालायचा, डावा उजव्या कानाला. तरीही त्याच कानाला कमी आलं तर हेडफोन ठीक आहे, कान दाखवा.
गिऱ्हाइकांना मी फोनवर सांगतो ही टेस्ट. ओंक्याला नाही सांगितली. तो काय, घरचाच. त्याचं कोण एवढं मनावर घेतंय.

पुढे त्याला चक्कर यायला लागली. त्याच्या आईबरोबर मीच गेलो हॉस्पिटलला.
डॉक्टरांनी विचारलं, "एका कानाने कमी ऐकू येतं का?"
काकू म्हणाल्या, "नाही हो, कान चांगलेत त्याचे. कंप्युटर बिघडलाय. हा बघतोय ना."
आणि माझ्याकडे बोट.

गाठ होती. कानामागून आत मेंदूकडे गेलेली.
"सात-आठ महिने आधी आला असतात तर..." डॉक्टर म्हणाले.
सात-आठ महिने आधी मी ड्रायव्हर अपडेट करत होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ओंक्या म्हणाला, "तू जिंकलास भावा. कार्डाचा काही उपयोग नाही. काढून घे."
दुसऱ्या दिवशी तो ऑपरेशनमधून परत आलाच नाही.

आज वर्षश्राद्धाचं जेवण झाल्यावर काकू म्हणाल्या, "तो कंप्युटर घेऊन जा रे बाबा. बघवत नाही."

त्याच्याच टेबलावर सुरू करून बघितला. साउंडची सेटिंग उघडली.
डावा शंभर. उजवा वीस.
दोन्ही कानांना सारखं वाटावं म्हणून हा उजवा कमी कमी करत गेला होता. मला न सांगता. मला सांगून झालंच होतं म्हणा.

गेम लावला. हेडफोन उलटा घातला.
डावीकडून कोणीतरी चालत आलं. उजव्या कानात पाय अगदी स्पष्ट ऐकू आले.

माझं चुकलं रे ओंक्या.
कार्ड काढलं नाहीये. सेटिंग तशीच आहे.
जा, सांभाळून जा.