पोत घेऊन दिलेला कौल

केळीला ठिबक नवीन आलं, त्या वर्षी मी पाय प्लास्टरमध्ये घालून सावद्याच्या घरी पडलो होतो. शेजारचे गुरुजी वाचनवेडे. एकदा म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखा एकजण ग्रीक पुराणात आहे."

भविष्य दिसणारा योद्धा. मेहुण्याशी वाद झाला तर आपली बायको म्हणेल ते खरं, अशी त्याने शपथ घेतलेली. मेहुणा लढाईला निघाला. गेलो तर परत येत नाही, हे याला दिसत होतं. पण कोणीतरी बायकोला सोन्याचा हार दिला आणि ती म्हणाली, जा. तो गेला. जमीन फाटली, रथासकट त्याला गिळून मोकळी झाली.

मी उठून बसलो. माझं वेगळं काय झालं होतं?

शालकाबरोबर भागीत विहीर खणायची होती. तंटा झाला तर त्याच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा शब्द शेवटचा, हे मीच ठरवलेलं. त्याने जागा आखली. शेजारच्या नाल्याच्या काठात मला वाळूचा थर दिसला होता. ही विहीर ढासळणार, हे मला कळलं. मी नाही म्हटलं.

"दाजी, आता मोडता घालू नका," शालक म्हणाला. भाऊबीजेला त्याने बहिणीला सोन्याची पोत घातली. तिने कौल दिला, "खणा." शब्द दिलेला, म्हणून मी खाली उतरलो. दरड आली, छातीपर्यंत गाडलो गेलो. तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललो नव्हतो.

"गुरुजी, तो मरणार हे त्या बाईला माहीत होतं?"

"त्याने तर सगळ्यांनाच सांगितलं होतं."

इथे मी अडकलो. बैलांच्या व्यापारात मी एका बैलावरून वर आलो, ते एक नियम पाळून: नाही म्हणावं, कारण सांगू नये. कारण कळलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. घरीही मी एवढंच म्हटलं होतं, "जागा पटत नाही."

बायको चहा घेऊन आली. मी विचारलं, "वाळू ढासळेल, असं सांगितलं असतं तर?"

"तुमी सांगता कधी? मले वाटलं, भावाकडून अजून काही पदरात पाडून घ्यायले अडून बसले."

गुरुजी कपात हसले.

"पण सांगितलं असतं तर?"

"तर भावाले म्हटलं असतं, तूच उतर."

पोत तिने काढली नाही. मीही काढ म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं.