चार भोकांचा पाट

लाकडाची पारख सुताराला असते असं म्हणतात. असेल. पण ज्या फळीवर आपल्याला बसायचं आहे तिची पारख दुसऱ्यावर सोडू नये, मग तो सुतार असो नाहीतर ब्रह्मदेव. हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकले आणि शिकताना चांगली आपटले.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही नगरजवळच्या नागापुरात राहत होतो. लहानपणीच्या तापात माझे दोन्ही पाय लुळे पडले होते. वडील कोपरगावकडे साखर कारखान्यात कामाला, सणावारी घरी यायचे. आईने मला पाठुंगळी घेऊन मॅट्रिकपर्यंत शाळेत नेलं. शाळा संपली आणि मी घरात बसले. घरातल्या घरात हातांवर सरकायचे. बाहेरचं जग आईच्या खांद्यावरून दिसेल तेवढंच.

गावाला लागून एमआयडीसीत कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका लहान वर्कशॉपात मोटारीच्या कॉइल भरायचं काम होतं. बैठं काम, बोटांचं. आई मला पाठीवर घेऊन तिथे गेली. मालकांनी हातात तांब्याची तार दिली आणि एक कॉइल भरायला सांगितली. मी भरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं.

"काम जमेल हिला," ते म्हणाले. "पण रोज आणणार कोण? सोमवारपासून आठ दिवस हिने आपली आपण, वेळेवर येऊन दाखवावं. कुणाच्या पाठीवर येणारं माणूस मला नको."

मला असा राग आला की वाटेत आईचा खांदा मी नखांनी ओरबाडला. घरी आल्यावर राग निवला आणि कळलं की माणूस खोटं बोलला नव्हता. आई मनमाड रस्त्यावरच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, दिवस उगवायच्या आत. धाकटी बहीण चौदा वर्षांची, तिला मी पेलत नव्हते. म्हणजे मला स्वतःची चाकं हवी होती, आणि हातात सहा दिवस होते.

फळीखाली बोल्टांनी आवळलेले दोन दांडे, दांड्यांच्या टोकांना ट्रकची जुनी बेअरिंगं, आणि ढकलायला दोन्ही हातांत लाकडी ठोकळे. अशी गाडी मी नगरच्या एसटी स्टँडवर पाहिली होती. आईनेही पाहिली होती, आणि तिचं म्हणणं एवढंच की तसल्या गाडीवर भिकारी बसतात, तिची लेक बसणार नाही. मी म्हटलं, तुझी लेक घरात बसून काय राणी झालीये का? त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. गॅरेजमधून बेअरिंगं बहिणीने आणली.

आळीतल्या सुतारमामांनी पहिली फळी खोक्याची काढली. दोन विटांवर ठेवली, वर उभे राहिले, दोनदा उड्या मारल्या.

"हत्ती बसला तरी मोडायची न्हाई," ते म्हणाले. "लई दणकट हाय."

"मामा, तुमी उभं राहून बघितलं. मला उभं राहता आलं असतं तर फळी कशाला लागली असती?"

मामा फळीवरून खाली उतरले. पण माझं डोकं चालायला लागलं. उभ्या माणसाला पुढचा खड्डा दिसतो, त्याचे गुडघे वाकतात, दणका तो पायांत जिरवतो. माझा सगळा दणका थेट फळीत जाणार होता. फळीवर भार किती हा प्रश्नच नव्हता, भार आदळतो कसा हा होता. म्हणून वाण्याच्या काट्यावर मी आधी माझं वजन करून घेतलं. चौतीस किलो भरले. मग घरचा दगडी पाटा आणि वाळूचं पोतं मिळून तेवढंच ओझं फळीवर सुंभाने आवळलं आणि बहिणीला ते ओट्यावरून खाली लोटायला लावलं.

खोक्याची फळी पहिल्याच दणक्याला गाठीपाशी मोडली. दुसरी आंब्याची. ती मोडली नाही, पण पाच-सहा वेळा लोटल्यावर तिच्या बोल्टांची भोकं पसरट झाली आणि दांडा दाढेसारखा हलायला लागला. आळीतली माणसं जमून बघत होती. एका म्हातारबांनी विचारलंच, पोरी, फळीला बडवतीस कशापायी? मी म्हटलं, आता ती मोडलेली बरी, मी तिच्यावर असताना मोडण्यापेक्षा.

तिसरी बाभळीची. वीस वेळा लोटली, साधा ओरखडा नाही. माझी छाती फुगली. मामा म्हणत होते की लाकूड अजून ओलं आहे, उन्हात दगा देईल. पण हत्तीवाल्या मामांचं ऐकतं कोण? बेअरिंगं चढवून शनिवारी दुपारी मी एकटी मनमाड रस्त्याने वर्कशॉपकडे निघाले. खर्रर आवाज करत, हाताने रस्ता मागे ढकलत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्याही खांद्याआडून न बघता मी रस्ता बघितला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडलेही.

अर्ध्या वाटेवर मोरीपाशी फळी उभी उकलली. दोन दिवसांच्या उन्हाने ओल्या लाकडाच्या रेषा आतून सुटल्या होत्या, आणि माझी परीक्षा त्याआधीची होती. चूक माझी. फळीचा एक तुकडा माझ्या डावीकडे, एक उजवीकडे आणि मी मधोमध डांबरावर.

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यातला माणूस उतरला, फळीच्या तुकड्यावर दहा पैसे ठेवले आणि गेला. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी ते नाणं उचलून त्याच्या मागे भिरकावलं. ते रस्त्याकडेच्या खडीत पडलं, आणि त्या खडीपलीकडे कामावरून परतणाऱ्या बायकांमध्ये माझी आई उभी होती.

तिने सगळं पाहिलं होतं. तिने मला पाठीवर घेतलं. घरी येऊन उतरवलं, तशीच माळ्यावर चढली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन पाट खाली काढले. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेले. आईच्या मामाने तिच्या लग्नात दिलेली ती जोडी. नवरा-नवरी त्यावर बसलेले, आणि पुढे धाकटीच्या लग्नात बसायचे म्हणून जपलेले. माझ्या लग्नाचं आमच्या घरात कुणी काढत नसे. मीही नाही.

त्यातला एक तिने माझ्यापुढे सरकवला.

"बसायचंच हाय ना? मंग पाटावर बस. पाटावर बसलेल्याला कुनी भीक घालत न्हाई."

मला रडू आलं, पण मी पाट उलटा करून पाहिला. पोटाखाली दोन आडव्या पट्ट्या होत्या. फळीच्या रेषा उभ्या, पट्ट्या आडव्या, म्हणजे फळीला उकलायची सोय नाही. लाकूड वीस वर्षं वाळलेलं. हे आधी डोक्यात कसं आलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले. तरी मी बहिणीला म्हटलं, दगडी पाटा आण.

आई हबकली. लग्नाचा पाट आपटतात का कुठे? मी ऐकलं नाही. दिसायला तर बाभूळही दणकट होती. रविवारी सकाळी रुसलेला चेहरा करून आई ओट्यावर बसली, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या लग्नाचा पाट मी खाली लोटवला. एकदा नाही, तीसदा. एक पितळी फूल निखळून गटारात गेलं. पाट जसाच्या तसा.

आता भोकं पाडायची. मामांनी हात मागे घेतले. नवरीच्या पाटाला भोकं पाडायचं पाप त्यांना नको होतं. मी गिरमिट मागितलं, पण पाट धरून गिरमिट फिरवायला माझे दोन हात पुरेनात. तेव्हा आई ओट्यावरून उठली. मामांच्या हातून गिरमिट घेतलं, पदर खोचला आणि पाटावर गुडघा ठेवून पहिलं भोक पाडायला लागली. खडी फोडून तिच्या तळहातांना फोड आले होते. मी पाट घट्ट धरून होते. चारही भोकं तिनेच पाडली.

सोमवारी मी निघाले. खडी फोडणाऱ्या बायकांनी हातोड्या थांबवल्या. आईने थांबवली नाही, मान खाली घालून ती फोडत राहिली. बाकीच्यांनी बघावं असं तिला वाटत होतं, आपण बघतोय हे कळू नये असंही. पाचव्या दिवशी बेअरिंगात खडीची कच अडकली, चाक फिरेना. मी पाट तसाच फरफटत नेला आणि भोंगा वाजत असताना दारात पोचले. दोन्ही हातांची सालटी निघाली होती. मालकांनी घड्याळ पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मी तार मागून घेतली.

आठव्या दिवशी त्यांनी गाडी उलटी करून बघितली.

"हा तर पाट आहे," ते म्हणाले.

"हो. घरचा."

त्यांनी गाडी सुलटी करून ठेवली. हजेरीपटावर माझं नाव लिहिलं.

तीन वर्षांनी धाकटीचं लग्न ठरलं. मी सुतारमामांकडून नवा पाट करून घेते म्हटलं, तर बहीण हट्टाला पेटली. तिला जोडीतलाच पाट हवा होता, माझा. लग्नाच्या आदल्या दिवशी मी बोल्ट काढून दांडे नि बेअरिंगं उतरवली आणि आईने राख लावून वंगण घासून काढलं. अखंड पाटावर नवरदेव बसला, भोकांच्या पाटावर माझी बहीण. वरपक्षाच्या एका बाईंनी भोकांवर बोट ठेवून विचारलं, हे काय?

आई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याच्यावर बसून माजी थोरली कामाला जाती."

बाईंनी बोट काढून घेतलं. मी भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते. गाडीच नाही, तर जागचं हलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड जागं व्हायच्या आत मी पाटावर सांडलेली हळद फडक्याने पुसली आणि चारही बोल्ट पुन्हा आवळले. माझी पाळी सातची होती.