मायच्या हनुवटीवरचं गोंदण

मूल या तालुक्याच्या ठिकाणी पार्लरचा कोर्स करून मी गावी आले, त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न निघालं. मायच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते. शहरातले सोयरे येणार म्हणून मलाच त्यांची लाज वाटायला लागली. कोर्स केला म्हणजे अक्कल आली, असा माझा समज होता. मांडवात जायच्या आधी मी तिला समोर बसवलं आणि फाउंडेशनचे दोन थर देऊन ठिपके बुजवले. तिने बराच वेळ आरसा धरला.

"मले मीच दिसून नाई राह्यली," एवढंच म्हणाली.

माझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्या उन्हात तिने दिवसभर घामही पुसला नाही.

मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं, असं ती सांगायची. ती गेली तेव्हा तिच्या कानातलं मीच काढलं. गोंदण तिच्यासोबत गेलं.

भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर धड असा एकच निघाला, त्या लग्नातला. त्यात हनुवटी कोरी आहे. इतकं सफाईचं काम मला पुन्हा कधी जमलं नाही.