रस्त्यावर पंच नसतो

ज्या मातीत मी पाटलाच्या पुतण्याला चीत केलं, ती माती त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उपसून बाहेर टाकली. बैलगाडी लावून. आणि उपसायला बोलावलं कुणाला? माझ्या बापाला.

जत्रेतल्या कुस्त्यांचा तो हौद. हळद, ताक, तेल, लिंबं घालून वर्षानुवर्षं मळलेली लाल माती. बा त्यात गुडघाभर उभा राहून फावडं मारत होता. काठावर पाटील. तोंडात पान. म्हणाला, "ईतभर अजून खाली जा. तुमचा घाम लई खोल मुरतो."

चार माणसं हसली. बासुद्धा हसला. त्याचं ते हसणं मला आजही सहन होत नाही.

माझ्या घामानं बाटलेली माती काढायला माझ्याच बापाचा घाम चालत होता. हे त्यांच्या डोक्यात कसं बसत होतं ते मला ठाऊक नाही. बसत होतं एवढं खरं. मी तेव्हा वीस वर्षांचा. आदल्या दिवशी सगळ्या गावासमोर जिंकलेला पैलवान. मी काय केलं? बा दमला म्हणून त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि उरलेली माती मी उपसली. लिहिताना लाज वाटते. पण झालं तसंच.

कुस्ती मी गावात शिकलो नाही. गावच्या तालमीत आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांना पाय ठेवू देत नव्हते. बाराव्या वर्षी मामाकडं औरंगाबादला आलो. मामाच्या घरामागं एका मुसलमान वस्तादांची जुनी तालीम होती, तिथं जाऊन उभा राहिलो. वस्तादांनी नाव विचारलं, वय विचारलं, दंड चाचपून पाहिले. जात विचारली नाही. आठ वर्षं त्यांनी मला घडवलं.

त्यांचा एक नियम होता. समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लागले की सोडायचं. त्याच क्षणी. मग उठायचं आणि पडलेल्याला हात देऊन उभं करायचं. एकदा एकानं चीत झालेल्या गड्याला जरा जास्त दाबून धरलं, तर वस्तादांनी त्याला आठवडाभर हौदात उतरू दिलं नाही. ही सवय आमच्या हाडात गेली. खांदे लागले की बोटं आपोआप उघडायची, विचार करावा लागायचा नाही.

हेच वस्ताद आम्हाला दुसरंही सांगायचे. कुणी फुशारक्या मारायला लागलं, की आता आपण रस्त्यात कुणाच्या बापाला भीत नाही, की त्याचा कान धरायचे. "सुन रे. अखाड़े में सामने एकच आता. सड़क पे एकच कब्बी नै आता. सड़क पे किसी कू लिपटना नको. हात छुड़ाना और भागना."

आम्ही तोंड फिरवून हसायचो. पैलवान गडी पळतो का कुठं?

वस्तादांचा थोरला भाऊ नामी पैलवान होता. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, मुसलमानांवर हल्ले चालले होते तेव्हा, गावाहून शहराकडं येताना त्याला रस्त्यात घेरलं. तो परत आला नाही. वस्ताद तेव्हा लहान होते. एवढंच सांगायचे. मी ते पुष्कळदा ऐकलं होतं. समजून घेतलं नव्हतं.

त्या वर्षी गावच्या जत्रेत माझी जोड लागली ती तालमीच्या नावावर. भोंग्यावर पुकारलं, 'औरंगाबादचा पैलवान'. मला कुणी ओळखलं नाही. सुट्टीत गावी यायचो, पाटलाच्या शेतात बाबरोबर राबायचो. पण त्या लोकांनी माझ्या तोंडाकडं कधी बघितलंच नव्हतं. आमच्यातल्या माणसाचं तोंड लक्षात ठेवायची त्यांना कधी गरज पडली नाही.

पुतण्या दांडगा होता, दूध-बदामावर पोसलेला. सात-आठ मिनिटं झुंजला. मग मी ढाक लावली. त्याची मान बगलेत, कंबरेचा हिसका, आणि तो आभाळ बघत पडला. हलगी कडाडली. पाटील स्वतः फेटा घेऊन उठला. आणि तेवढ्यात गर्दीच्या पार मागून बा ओरडला, "माझं लेकरू हाय त्ये! माझं लेकरू!"

हलगी थांबली. पाटलानं माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि फेटा परत खुर्चीवर ठेवला.

बाची चूक एवढीच. त्याला आनंद झाला आणि तो लपवता आला नाही.

सहा महिन्यांनी दिवाळीला घरी निघालो. दौलताबादच्या पुढं फाट्यावर एसटीतून उतरलो. तिथून गाव पायी अर्धा तास. उन्हं कलली होती. वाटेत ओढ्यावरच्या मोरीजवळ पाच जण बसलेले दिसले, मधे पुतण्या. तो उठला. सदरा काढून मोटारसायकलवर टाकला.

"इथं कर की कुस्ती," म्हणाला. "इथं ना भोंगा, ना तुझा बाप."

आणि मी मूर्ख. मला वाटलं, ह्याला बरोबरी करायचीय. एकास एक. बाकीचे चौघं मोरीवर बसूनच होते, म्हणजे बघायला आले असतील. मी पिशवी कडेला ठेवली. वहाणा काढल्या. हो, वहाणा काढल्या, हौदात उतरताना काढतात तशा. खडी उखडलेल्या रस्त्यावर मी अनवाणी जाऊन उभा राहिलो. ही चूक पैलवानच करू शकतो. साध्या माणसानं केव्हाच धूम ठोकली असती.

रस्त्यावर कुस्ती चालते का, असं मला लोक विचारतात. चालते. पहिलं अर्धं मिनिट फार छान चालते.

त्यानं मानेवर हात टाकला. मी तो हात झटकून आत शिरलो आणि तीच ढाक. पण खाली माती नव्हती. कुस्तीत पाडणारा पडणाऱ्याच्या अंगावरच जातो, तसा मीही गेलो. गुडघा सोलला, कोपर फाटलं. माझे दोन्ही हात त्याच्या अंगात अडकलेले, तोंड त्याच्या छातीत, पाठ उघडी. चौघं कुठं आहेत ते मला दिसतही नव्हतं. मी तरी दाबलं. त्याचे खांदे खडीला लागले. दोन्ही.

माझी बोटं उघडली.

मी सोडलं. उठलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पळता आलं असतं. पण मी वाकलो आणि त्याला उठवायला हात दिला.

त्यानं तो हात धरला. दोन्ही हातांनी धरला. आणि सोडला नाही. "हाणा," म्हणाला.

रस्त्यावर पंच नसतो. शिट्टी वाजत नाही. काठ्या होत्या, सायकलची चेन होती. आठ वर्षांत शिकलेला एकही डाव मला आठवला नाही, आणि आठवून उपयोगही नव्हता, कारण एकाला धरलं की चार मोकळे. ते शिव्याही फार देत नव्हते. त्यातला एक जण फक्त विचारत होता, "फेटा पायजे का? फेटा पायजे?" तो प्रश्न किती वेळा विचारला ते सांगता येणार नाही. शेवटी धरलेल्या हाताच्या दंडावर दगड घातला. हाड मोडलं तेव्हा आवाज आला. पुतण्यानं मग हात सोडला.

सरकारी दवाखान्यात वस्ताद भेटायला आले. मी सगळं सांगितलं. हात दिल्याचंही. त्यांनी प्लास्टरवर बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "गलती तेरी नै," म्हणाले. "मैंच सिखाया. वो शरीफ लोगां के वास्ते था."

मी त्यांच्यासमोर रडलो. मार खाताना रडलो नव्हतो.

ठाण्यात गेलो तर म्हणाले, आधी गावात बसून बघा, तुमच्या लोकांना तिथंच राहायचंय ना. कसाबसा गुन्हा नोंदवून घेतला, तोही चार दिवसांनी. मग पाटील आमच्या वाड्याकडं आला. घरात आला नाही. बाहेर लिंबाखाली उभा राहिला आणि बाला बोलावून घेतलं. त्याची अट साधी होती. येत्या जत्रेला त्याच हौदात, त्याच पुतण्याशी, माझी पुन्हा कुस्ती. मी पडायचं. ठरवून. याला आमच्यात नुरा कुस्ती म्हणतात. पैलवानाला याहून मोठी शिवी नाही.

"पोरानं गावासमोर एकदा पाठ टेकावी," पाटील म्हणाला. "मंग तुमचं-आमचं काय नाय. केस मिटवून टाका."

"व्हय मालक," बा म्हणाला.

मी आतून ऐकत होतो. बा आत आला, माझ्या शेजारी बसला. "लेकरा, पाठ टेकल्यानं माणूस मरत नाय. आमी जलमभर टेकलीय."

चुलीपुढून माय म्हणाली, "हात तर मोडलाच हाय त्याचा. आता काय ऱ्हायलं त्ये बी मोडा."

बा उठून बाहेर गेला. त्याच्यावर मला राग आला नाही. कीव आली, आणि कीव आली याचा राग आला. हा मोडका हात घेऊन मी खरोखर लढलो असतो तरी हरलोच असतो, हे पाटलालाही माहीत होतं. त्याला माझं हरणं नको होतं. माझा होकार पाहिजे होता.

जत्रा आली. नव्या मातीचा हौद. पाचही जण तिथंच, त्यातले दोघं तर फेटे बांधून पंचांच्या मागं उभे. माझं नाव पुकारलं, या खेपेला गावासकट, वाड्यासकट. पुतण्या लंगोट लावून शड्डू ठोकत होता. मी कपडे काढले नाहीत. सरळ भोंगेवाल्याच्या टेबलाकडं गेलो. कुस्तीआधी पैलवान आपल्या वस्तादाचं नाव पुकारायला सांगतो, ही रीत आहे. त्याला वाटलं तेच सांगायचंय. त्यानं माइक पुढं केला.

मी तो डाव्या हातात घेतला. म्हणालो, "माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो ज्यांनी मोडला त्यांची नावं सांगतो."

आणि सांगितली. नाव, बापाचं नाव, आडनाव. जबाबात लिहितात तशी. पहिलं पुतण्याचं. तिसऱ्या नावावर कुणीतरी वायर उपटली. उरलेली दोन मी ओरडून सांगितली. मग म्हणालो, "मी खेळणार नाही. आणि पडणारही नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी अंगावरही आलं नाही, एवढ्या लोकांत. गर्दीनं वाट दिली ती मला शिवायचं नाही म्हणून. बा त्याच जागी मागं उभा होता. या वेळी तो ओरडला नाही. डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं तोंडाला लावला.

पुढं काय झालं ते सांगतो, कारण अशा गोष्टी लोक इथंच थांबवतात. बाचं काम त्याच आठवड्यात गेलं. गिरणीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं. आमच्याच वाड्यातले लोक म्हणाले, तुझ्यापायी आमचं पाणी तुटंल, तू जा. घराला कुलूप लावून आम्ही शहरात आलो. बानं मरेपर्यंत एका बिल्डिंगची राखण केली. नावं घेतलीस ते बरं केलंस, असं तो एकदा तरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो म्हणाला नाही. वस्ताद गेले. केस वर्षानुवर्षं चालली. मारहाण बघून मला मोरीपासून उचलून आणणारे दोन साक्षीदार, दोघंही आमच्यातलेच, कोर्टात म्हणाले की आम्हाला काही दिसलं नाही. पाचही जण सुटले. पुतण्या आता पुढारी आहे. वाढदिवसाला चौकात त्याचे फ्लेक्स लागतात, हात जोडलेले.

मी संध्याकाळी एका समाजमंदिरात शिकवतो. कंपन्यांत कामाला जाणारी पोरं येतात, कॉलेजच्या मुली येतात. त्यांना डाव पाहिजे असतात, मोबाइलमध्ये बघितलेले. मी पहिले कितीतरी दिवस एकच शिकवतो, धरलेला हात सोडवायचा. मग पळायला लावतो. ते कंटाळतात. काही येणं सोडतात. उरलेल्यांना सांगतो की मारणाऱ्याचं तोंड बघून ठेवा, आणि ठाण्यात एकटं जाऊ नका, दहा जण जा. एका मुलीनं विचारलं, "सर, मग कुस्ती येऊन उपयोग काय?" मी खोटं बोललो नाही. म्हणालो, एकट्याला फारसा नाही.

वरच्या कोर्टात अपील टाकलंय. वकील म्हणतात, आशा धरू नका. मी धरलेली नाही. परवा पुतण्याचा माणूस घरी आला होता. अपील मागं घ्या, गैरसमजातून नावं घेतली एवढं लिहून द्या, साहेबांना तिकीट मिळायचंय. मी त्याला चहा पाजला. कागद त्याच्याकडं परत सरकवला.

"लिहून देणार नाही," म्हणालो. "मी मेलो तर तारखेला माझी पोरगी येईल. तिला पाचही नावं येतात, बापांच्या नावासकट. तिलाच विचार."

ती दारातच उभी होती. त्यानं विचारलं नाही. पण तिनं सांगितली.