बाळाचं नाक वाजायला लागलं तेव्हा

गेल्या मंगळवारी सकाळी, उंब्रजला आमच्या घरी, बाळाचं नाक वाजायला लागलं. मोठ्या माणसाचं वाजलं तर कुणी मान वर करून बघत नाही... पण हे बाळ सव्वा महिन्याचं, वेळेआधी झालेलं. सांगलीच्या दवाखान्यात अठरा दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलेलं.

बाळ माझ्या ताईचं. ती बाळंतपणाला माहेरी आलीय. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली होती... सर्दी-खोकल्याचं माणूस याच्याजवळ नको. आणि आमच्या घरात तर पहिलीतली पोरगी. स्वरा, माझ्या दादाची मुलगी. तिच्या वर्गातली निम्मी पोरं शिंकत होती.

म्हणून आईनं नियम काढला. शाळेतून आलं की स्वरानं अंगणातच साबणानं हातपाय धुवायचे, युनिफॉर्म बाहेरच्या बादलीत टाकायचा, मग घरात. बाळाच्या खोलीत जायचं नाही, दारातूनच बघायचं. दादा सैन्यात, वहिनी कराडला नोकरीला... त्यामुळं तिला आणायची आणि धुवायची ड्यूटी माझ्याकडं आली.

मी तसा एका जागी कमी टिकणारा माणूस. कॉलेज मधेच सुटलं, मग मनालीत हॉटेलात भांडी घासली, गोव्यात बाइक भाड्यानं द्यायच्या दुकानात बसलो. त्या दुकानाचा मालक एक वेगळाच नमुना होता... जाऊ दे, ते इथं नको. सांगायचं हे की मी महिनाभर घरी थांबलो तो या बाळासाठी. ड्यूटीही मनापासून केली. स्वराच्या नखांत ब्रश घालून हात धुवायचो. "काका, दुखतंय की," म्हणायची. मला वाटायचं, जंतू आला तर हिच्याच हातानं येणार, आणि मी दारात उभा आहे.

तरी शुक्रवारी तिला सर्दी झालीच. आईनं तिची गादी बाहेरच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, हलवली, शाळा बंद. चार दिवस पोरगी तिथंच. वही, रंग, आणि आतून बाळाचा आवाज आला की मान वर.

आणि मंगळवारी बाळाचं नाक वाजलं. दूध प्यायला घ्यायचं आणि मधेच सोडून धापा टाकायचं. ताईचा चेहरा पांढरा पडला.

आई तरातरा सोप्यात गेली. "तू गेल्तीस का बाळाजवळ?"

"न्हाई."

"खोटं बोलू नगंस. घरात दुसरं कोन हाय सर्दीचं?"

"मी न्हाई गेले, आज्जी." रडत होती. पण आजीकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

कारण आमचा एक करार होता. तिला भाजी आवडत नाही, डबा अर्धा परत आला की आई रागावते. म्हणून येताना हायवेच्या पुलाखाली बाइक लावायची आणि उरलेलं मी खायचं. तिच्याच चमच्यानं. कुणाला सांगायचं नाही. गुरुवारीही खाल्लं होतं. रविवारपासून माझा घसा खवखवत होता, तो मी उसाच्या रसातल्या बर्फावर ढकलला होता. म्हणजे पोरीचे हात मी घासत होतो आणि स्वतः बाहेरून येऊन सरळ बाळ उचलत होतो.

खरं सांगतो, तरी आधी मी दाराकडं बघितलं, निसटता येईल का म्हणून. मग म्हणालो, "आई, सोड तिला. तिचं उरलेलं मी खातो, रोज. आणि माझा घसा धरलाय."

आईला आधी कळलंच नाही. ताईला कळलं. बाळ खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "काल तासभर तुझ्याच मांडीवर हुतं रं ते," एवढंच म्हणाली.

सांगलीला फोन केला, ते म्हणाले लगेच घेऊन या. शेजाऱ्यांची गाडी निघाली, वहिनी रजा टाकून स्वराजवळ थांबली. मला गाडीत कोण बसू देणार... मी मास्क लावून बाइकवर मागं. इतकी वर्षं फिरतोय, पण पेठनाका, आष्टा कधी गेलं ते कळलं नाही. डोळे गाडीच्या मागच्या काचेवर. ताईचं डोकं खाली वाकलं की वाटायचं, काहीतरी झालं.

दवाखान्यातही मी बाहेरच. पाऊण तासानं ताई आली आणि चार हात लांब थांबली. "छाती मोकळी हाय म्हनले. पन श्वास मोजत ऱ्हायचं. दूध सोडलं, न्हाईतर छाती आत वढली, तर तसंच उचलून आनायचं." मग म्हणाली, "डॉक्टर म्हनले, पोरीला रागवू नका, ती तुमचं ऐकून लांबच ऱ्हायली."

तेव्हापासून मी मळ्यातल्या खोलीवर आहे. सकाळ-संध्याकाळ फोन करतो, ताई सांगते, मी निमूट ऐकतो. पहिले दोन दिवस तर फोन वाजला की उचलायलाच भीती वाटायची.

स्वरानं आमच्या कराराबद्दल स्वतःहून कुणाला चकार शब्द सांगितला नाही. एवढंसं पोर, समोर आजी ओरडतीय, तरी माझं नाव घेतलं नाही. मी तिचे हात धूत होतो म्हणून स्वतःला शहाणा समजत होतो...

आज सकाळी ताईचाच फोन आला. बाळ पोटभर दूध प्यायलं, नाक मोकळं झालंय. "ये आता घरी, आंघोळ करून ये," म्हणाली.

घसा अजून थोडा खरखरतोय. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, ताई, मग येतो. एरवी कुणी थांब म्हटलं तर मी बॅग भरतो... आज कुणी न सांगता थांबलोय.