एसएसडी बसवताना पुसलं गेलेलं लग्न

मागच्या रविवारी मी एका लग्नाचा अख्खा व्हिडिओ पुसून टाकला. स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत, वर चहा पीत पीत...

वारंगा फाट्यावर आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. आमचे हे शूटिंग करतात, मी लॅपटॉपवर तुकडे जोडून, गाणी टाकून मिक्सिंग करते. तो लॅपटॉप इतका मंद झाला होता की एक गाणं जोडायला लावावं अन् तोवर घरी जाऊन कुकर लावून यावा. डिस्क तुडुंब, बॅकअपची डिस्कही तुडुंब... शेवटी दोन नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, मागवल्या.

हे म्हणाले, नांदेडला दुकानात देऊन येऊ. पण ऐकेल ती मी कसली! यूट्यूब लावलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला अन् बसले. विंडोजची डिस्क बदलली, बटण दाबलं, तर लॅपटॉप झटक्यात सुरू... मी अशी फुगले की विचारू नका.

मग दुसरी, शूटिंग ठेवायची मोठी डिस्क. नवीन एसएसडी आत बसवली, जुनी डिस्क वायरनं बाहेर जोडली, जुनीतलं सगळं नवीत उतरवायचं होतं. स्क्रीनवर दोन्ही डिस्क सारख्याच साइजच्या दिसत होत्या. मी नीट न वाचता क्लिक केलं, आणि भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क उतरवून बसले.

संध्याकाळी स्क्रीनवर मेसेज आला, काम यशस्वी झालं. उघडून बघते तर दोन्हीकडे काहीच नाही.

जुन्या लग्नांचे व्हिडिओ लोकांना कधीच देऊन झाले होते. राहिलं होतं एकच, शेवंतामावशींच्या प्रणालीचं. कॅमेऱ्यातली कार्डं दुसऱ्या ऑर्डरसाठी साफ केलेली. फोटो तेवढे अल्बमला गेले होते म्हणून वाचले.

आता मावशी कोण ते सांगते. आमच्या शेजारच्या गल्लीत राहतात, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. लेकीच्या लग्नात आचारी होते, पण मावशींचा विश्वास बसेल तर ना! भाजी लागेल, भात कच्चा राहील म्हणून बाई दिवसभर चुलाणापाशीच. बौद्ध लग्नातली मंगलाष्टकं म्हणजे जयमंगल अष्टगाथा, तीही त्यांनी भोंग्यावर ऐकली. लेक नवरीच्या वेषात कशी दिसत होती, तेसुद्धा धड पाहिलं नाही.

त्यामुळे रोज शाळेत जाताना स्टुडिओच्या दारात थांबायच्या. "झालं का वं शूटिंग? मला तर कायच दिसलं न्हाई बाई. आता तुझ्या टीव्हीतच बघते लगीन." आणि मी म्हणायचे, होऊन राहिलं मावशी, होऊन राहिलं...

नांदेडच्या रिपेअरवाल्यानं डिस्क तपासली अन् मान हलवली. म्हणाला, ताई, नुसतं डिलीट असतं तर काही निघालं असतं, तुम्ही त्याच्यावर दुसरी डिस्कच पसरून ठेवली. येताना बसमध्ये मी रडले. यांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही, त्याचंच जास्त रडू आलं.

मावशींना सांगायला मीच गेले. शिव्या देतील, भांडतील, अशी तयारी ठेवली होती. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला.

"म्हंजे आता मला दिसणारच न्हाई व्हय?"

बस, एवढंच. यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रणाली सासरी जवळा बाजारला असते. तिला फोन केला, ती आधी जाम चिडली, आणि तिचं बरोबरच होतं. पण संध्याकाळी तिनं दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं... माझ्या लग्नात ज्यांनी ज्यांनी मोबाईलवर शूटिंग केलंय, त्यांनी सगळं स्टुडिओवाल्या ताईंना पाठवा. आईला बघायचंय.

अहो, काय व्हिडिओंचा पाऊस पडला! आत्या, मामी, करवल्या, नवरदेवाचे दोस्त, बॅण्डवाले... उभे, आडवे, हलणारे, कुणाचं बोट लेन्सवर, कुणाच्या व्हिडिओत सगळा वेळ "सरक ना बे" एवढंच ऐकू येतंय. खरं सांगू? हेच लोक लग्नात कॅमेऱ्याच्या पुढे मोबाईल धरून उभे राहतात म्हणून आमचे हे त्यांच्यावर खेकसतात. आणि आता मी एकेकाचा तुकडा जपून नवीन एसएसडीत ठेवत होते.

सगळं जोडून, गाणं लावून, मावशींच्या घरी टीव्हीला लावलं. प्रणाली खास माहेरी आली होती. मावशी खाली बसल्या, पदर तोंडाला लावून. लेक मांडवात आली तशा पुढे सरकल्या, "अगं बाई, किती गोड दिसून राहिलं माझं लेकरू..." म्हणत टीव्हीला हातच लावला.

मग मामीच्या मोबाईलमधला तुकडा आला. मामी स्वयंपाकाच्या बाजूला उभी होती. भोंग्यावर अष्टगाथा चाललीय, मांडवात लोक फुलं टाकतायत... आणि इकडे चुलाणापाशी आमच्या शेवंतामावशी! झारा बाजूला ठेवून हात जोडून उभ्या. त्यांच्याकडे फुलं कुठली? शेजारच्या परातीतली चिरलेली कोथिंबीर मुठीत घेतली आणि मांडवाच्या दिशेनं उधळली. दर गाथेला एक मूठ.

यांनी केलेलं सगळं शूटिंग मी कार्डातून लॅपटॉपवर घेताना बघितलं होतं. त्यात मावशी कुठेच नव्हत्या. ते पुसलं गेलं नसतं, तर हे आम्हाला कधी दिसलंच नसतं.

प्रणाली रडायलाच लागली. मावशी मात्र टीव्हीकडे एकटक बघत होत्या, मग आमच्याकडे वळल्या, आणि तोंडभर हसल्या...

"अगं, मी बी व्हते की लग्नात!"

ज्यांनी ज्यांनी मोबाईल वर धरला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.