बोलकी तांबडी

जिव्या दारू पीत नव्हता, असं मी लिहिणार नाही. मोहाची पीत असे, सणाला जास्त पीत असे, आणि मग पाहुणेबंगल्याच्या मागच्या ओट्यावर निमूट झोपून जात असे. पण जव्हार दरबारच्या पाहुण्यांपुढे तांबडी वाईन कोणती ठेवायची, हे माझ्या लहानपणी हा बंगल्यावरचा नोकर, पोशेरे गावचा माणूस ठरवायचा.

त्यात चमत्कार काही नव्हता. माझे वडील हरिभाऊ त्या बंगल्याचे कारभारी. वाईन घ्यायची म्हणजे कुणीतरी चाखायला हवी, आणि आमच्याकडे बाटलीला बोट लागलं तरी आंघोळ. मुंबईहून फ्रान्सची मागवावी, तर संस्थान लहान, हात आखडता. म्हणून दर हिवाळ्यात वडील आणि जिव्या बैलगाडीने डहाणूला आणि तिथून दमणला जात. दमणात पोर्तुगालची तांबडी उतरे, वेताने मढवलेल्या पोटफुगऱ्या बाटल्यांत. स्वस्त, आणि एकीची चव दुसरीला नाही. दुकान एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईचं. वडील उपरण्याने नाक दाबून दाराबाहेर उभे, जिव्या आत.

"भाऊ, ही नको. गोड हाय, पन मुकी हाय."

"मुकी म्हणजे काय रे?"

"पिली नि गिळली. पावना गपच. पावन्याला बोलतं करनारी पायजे."

"दारू घ्यायला आलास का मैना?" दुकानातली म्हातारी म्हणायची.

"मैनाच दे म्हातारे, पन सस्तातली दे."

जिव्या कुणालाच अहो-जाहो करत नसे. त्याच्या बोलीत ते नव्हतंच. दिवाणांनाही तो 'तू' म्हणे आणि दिवाण कानाडोळा करत.

स्वस्त चालेल, मुकी चालणार नाही, एवढंच त्याचं शास्त्र. करवंदासारखी आधी आंबट आणि मागून गोड, जांभळासारखी जीभ धरणारी, नाहीतर जळक्या लाकडाचा वास असलेली, अशी काहीतरी खोड तिच्यात हवी. कधी चुकायचाही. एकदा ताडीसारखी आंबूस आवडली म्हणून भरून आणली. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, आणि खानसाम्याने ती सगळी सांबराच्या मटणात ओतली. मटण मात्र नावाजलं गेलं म्हणतात. मी खाल्लं नाही.

बाटली कुठलीही असो, उघडली की पहिली धार जमिनीवर. मुदपाकखान्याच्या मागच्या पायरीपाशी जिव्या उकिडवा बसायचा आणि आपल्या घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायचा. बाप लाडक्या. भाऊ रघ्या. तान्हेपणी गेलेली लेक सरू. ज्याचं नाव घेतलं त्याला प्यायला मिळालं, ज्याचं राहिलं तो तहानेला. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की मेलेल्याचं नाव पहिल्यांदा घ्यायचं ते बापाने, नाहीतर मुलाने. बाईने नाही. वडील कुरकुरत, "अरे, दरबारचा माल आहे!" जिव्या म्हणे, "दरबाराचे बी मेलेत ना कुनी? त्यांचं नाव सांग, घेतो."

त्याचा एकुलता मुलगा बाळ्या पहिल्या जर्मन लढाईवर गेला. शिपाई म्हणून नव्हे, ओझी वाहायला. इगतपुरीकडे भरती चालली होती, तिकडून परस्परच गेला. गवत कापताना विळ्याने डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, तरी घेतला. ओझं काय पाठीवरच घ्यायचं. बसऱ्याला पोचल्याचं कळलं, पुढे काही नाही. लढाई संपली. मोखाड्याकडचे जे गेले होते ते परत आले, कुणी तापाने खंगून, कुणी नवा कोट घालून. बाळ्या आला नाही. त्यांच्यातल्या कुणाला त्याचं काही माहीत नव्हतं.

जिव्याची बायको रखमी बाजाराला आली की मागच्या ओट्यावर त्या दोघांचं जुंपायचं. आमची खोली लागूनच होती. मला सगळं ऐकू यायचं.

"नाव घे त्याचं."

"जित्याचं नाव घेऊ? माझ्या तोंडानं मारू त्याला?"

"नि मेला असंल तर? आई हाय मी. रात्रंदिस माझाच गळा सुकतो. तहानेला ठेवलास तू माझा पोर."

"कुनी तरी सांगू दे. मग घेतो."

सांगणारा अखेर आला. बसऱ्याला मजुरांच्या तुकडीवर असलेला एक साहेब शिकारीसाठी जव्हारला येणार, असा निरोप वडिलांकडे आला. जिव्या हटूनच बसला, की जुन्यातली चालायची नाही, दमणला जायचं. त्या खेपेला त्याने म्हातारीच्या दुकानातलं एकही झाकण सोडलं नाही. शेवटी काळपट, जाड, लवंगेसारखी जिभेला चटका देणारी एक निवडली.

"भाऊ, हिच्यापुढं दगूड बी बोलंल."

साहेब दुपारी जेवायला बसला. जिव्याने बाटली सकाळीच उघडून ओल्या गोणपाटात रांजणाजवळ ठेवली होती. रानकोंबडी होती, मटण होतं. मी बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं, बोलणं काय झालं ते वडिलांनी मागाहून सांगितलं. पण चेहरे मी पाहिले.

पहिल्या घोटाला साहेबाच्या भुवया वर गेल्या. त्याने पेला उजेडात धरला, आणि तोंड सुटलं. खजूर, नदीवरचे डास, वाळूची वादळं. शेजारी उभ्या वडिलांना 'हो' म्हणायलाही सवड मिळेना. दुसऱ्या पेल्याला त्याने विचारलं, ही कुणी शोधली? वडिलांनी मागे उभ्या जिव्याकडे हात केला. साहेब खूश. म्हणाला, विचारा त्याला, काय हवं?

"सायबा, तू तिकडं व्हतास. माझा बाळ्या, पोशेऱ्याचा. तुला दिसला का?"

वडिलांनी सांगितलं. साहेबाने क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाला, "बाळ्या! म्हणजे काय, चांगला आठवतो! हसरा पोरगा. संध्याकाळी पत्र्याचा डबा असा वाजवायचा, दहाही बोटांनी! येईल आता, पुढच्या बोटीने येईल."

वडिलांनी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता.

"धाही बोटांनी?" जिव्याने विचारलं.

"हो हो, दहाही!" साहेबाने हवेत बोटं नाचवून दाखवली.

जिव्याने त्याचा पेला पुन्हा भरला. थेंबही सांडला नाही.

तो साहेब दुष्ट नव्हता. पोटभर जेवला होता, वाईन मनासारखी होती, यजमानाच्या माणसाला चार गोड शब्द द्यावेत एवढंच. पाहुणे असंच करतात. मुदपाकखान्यात येऊन जिव्या वडिलांना म्हणाला, "भाऊ, वाईन चांगलीच बोलकी निघाली." वडील हसले. त्यांना काही कळलं नव्हतं.

माझे वडील भले होते, आणि भल्या माणसांना तोंड आवरत नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर रखमी दिसली, तशी त्यांनी तिला हाक मारून सांगितलं, की बाळ्या जिवंत आहे, साहेबाने पाहिला.  ती रडत-हसत ओट्यावर आली.

जिव्या तिथेच होता, तांब्यात उरलेली तांबडी घेऊन. त्याने बाप, भाऊ, लेक यांची नावं घेतली होती, आणि तो थांबला होता.

"घेऊ नको!" रखमी ओरडली. "जिता हाय त्यो!"

"रखमे, सायब म्हनतो धा बोटांनी वाजवायचा. आपल्या पोराला आठ."

"गोऱ्याला आपले हात कवा दिसले? आठ काय नि धा काय!"

"वाईन बोलली ती. मीच आनलेली."

"तूच म्हनलास, कुनी सांगू दे. सांगितलं ना? आता नाव घेशील तर तूच मारशील त्याला."

जिव्याने तांब्या खाली ठेवला. वडील दारात उभे होते. बोटांचं त्यांना त्या क्षणी कळलं. ते आत निघून गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. न जेवून कुणाचं काय भलं होतं, हे मी त्यांना पुढे मोठेपणी विचारलंही.

त्यानंतरही जिव्या तांबड्या निवडत राहिला, पण मुक्या. गोड, गुळगुळीत, गिळून मोकळं व्हावं अशा. पाहुण्यांची काही तक्रार नव्हती. पायरीपाशी धार सोडताना लाडक्या, रघ्या, सरू म्हणून झालं, की तो तसाच बसून राही. ओठ हलत, आवाज येत नसे. मग उठून कामाला लागे.

तो गेला तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होते. सुट्टीत आले, तशी वडिलांबरोबर पोशेऱ्याला गेले. वडिलांनी दमणची एक बाटली बरोबर घेतली होती, स्वतःच्या हातात धरून. रखमीने ती अंगणात नेली आणि धार सोडली. लाडक्या. रघ्या. सरू. मग बाटली उभी केली.

"आणि जिव्या?" मी विचारलं. मला कधी गप्प बसता आलंय?

"बापाचं नाव पोरानं घ्यायचं असतं, बाय," ती म्हणाली, आणि बूच दाबून बसवलं. "ही ठेवते. बाळ्या आला की घेईल."